हार्ड डिस्क फॉरमॅटिंग
हार्ड डिस्क फॉरमॅटिंग म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क माहिती साठवण्यायोग्य करण्याची प्रक्रिया होय. जुन्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्यापूर्वी डिस्कचे विभाजन व फॉरमॅटिंग सहसा केले जाते. फॉरमॅटिंगनंतर जुन्या फाइली दिसेनाशा होतात. मात्र त्या डिस्कवरून पुसल्या गेलेल्या असतातच असे नाही.

विभाजन
डिस्कवरील प्रत्येक विभाग (पार्टिशन) कोठे सुरू होतो व केवढा आहे, याची नोंद विभाजन तक्त्यात असते. मास्टर बूट रेकॉर्ड (एमबीआर) ही पद्धत १९८३ मध्ये पीसी डॉस २.० सोबत आली. तिचा तक्ता डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये असतो व त्यात चारच प्राथमिक विभाग मावतात. सेक्टरचे क्रमांक ३२ बिटांचे असल्याने, ५१२ बाइटांचे सेक्टर असलेल्या डिस्कवर सुमारे २ टेराबाइटपलीकडील जागा वापरता येत नाही. यूईएफआय मानकाचा भाग असलेल्या जीयूआयडी पार्टिशन टेबल (जीपीटी) पद्धतीत ही अडचण नाही. तिच्यात सामान्यतः १२८ नोंदी मावतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. बायोस असलेल्या जुन्या संगणकावर विंडोज सुरू होण्यासाठी डिस्क एमबीआर पद्धतीची असावी लागते.

फॉरमॅटिंगचे प्रकार
निम्नस्तरीय फॉरमॅटिंग कारखान्यातच होते. वापरकर्ता करतो ते उच्चस्तरीय फॉरमॅटिंग. त्यात विभागावर फाइल प्रणाली तयार होते. विंडोजसाठी एनटीएफएस, तर लिनक्ससाठी बहुधा एक्स्ट४ वापरतात. फॅट३२ प्रणालीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल ठेवता येत नाही.

'क्विक फॉरमॅट'मध्ये केवळ फाइलींची नोंदवही नव्याने मांडली जाते. मूळ माहिती तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत टिकते व विशेष सॉफ्टवेअरने परत मिळवता येते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये संपूर्ण विभागावर शून्ये लिहिली जातात. विंडोज एक्सपीमध्ये केवळ खराब सेक्टर तपासले जात.

माहितीची सुरक्षितता
विभाजन तक्ता बदलताना डिस्कवरील सर्वच विभाग धोक्यात येऊ शकतात. त्यामुळे फाइलींची प्रत त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात न ठेवता स्वतंत्र डिस्कवर ठेवणे आवश्यक असते. संगणक विकायचा किंवा दान करायचा असल्यास क्विक फॉरमॅट अपुरा ठरतो. चुंबकीय डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन करावे लागते. एसएसडीमध्ये नियंत्रक नवी माहिती वेगळ्या पेशींत लिहीत असल्याने पुनर्लेखन पुरेसे विश्वसनीय नसते. तिच्यासाठी डिस्कमध्येच अंतर्भूत असलेली 'सिक्युअर इरेज' आज्ञा वापरली जाते.