डे हेआ, नव्हास आणि 00:02

(सगळ्या वेळा माद्रिदच्या. मँचेस्टरचं घड्याळ एक तास मागे, आपलं साडेतीन तास पुढे.)

शनिवार, 29 ऑगस्ट 2015, रात्र

बर्नाबेऊवर रेआल माद्रिदनं बेटिसचा 5-0 असा फडशा पाडला. गोलरक्षक केलॉर नव्हासनं पेनल्टी अडवली. दोन दिवसांनी याच माणसाला मँचेस्टरला पाठवायचा घाट घातला जाणार होता.

रविवार, 30 ऑगस्ट

स्वान्सीत मँचेस्टर युनायटेड 2-1 ने हरलं. गोलपोस्टमध्ये सर्जिओ रोमेरो होता. नेहमीचा गोलरक्षक डेव्हिड डे हेआ मोसमाच्या सुरुवातीपासून बाहेरच होता. त्याचं चित्त थाऱ्यावर नाही, असं प्रशिक्षक लुई व्हॅन गालचं म्हणणं. चित्त थाऱ्यावर राहणार तरी कसं? जन्म माद्रिदचा, जुलैमध्ये गोलरक्षक इकेर कासियास पोर्तोला गेल्यानं रेआलमधली जागा मोकळी झालेली, आणि युनायटेडशी असलेला करार जून 2016 मध्ये संपणारा.

उन्हाळाभर चाहत्यांच्या वादाला हेच खाद्य होतं. मँचेस्टरमधल्या एका गटाचं म्हणणं, वर्षभरानं फुकट जाण्यापेक्षा आत्ताच विका. दुसरा गट म्हणे, वर्षभर बसवून ठेवू, पण रेआलपुढे मान तुकवणार नाही. द्यायचाच तर बदल्यात रेआलचा बचावपटू सर्जिओ रामोस घ्या, हीही मागणी होती. मग ऑगस्टमध्ये रामोसनं रेआलशी 2020 पर्यंतचा करार केला आणि त्या आशेवर पाणी पडलं. माद्रिदकरांचा सवाल वेगळाच होता: जो जूनमध्ये फुकट येणार, जानेवारीपासून ज्याच्याशी रीतसर आगाऊ करार करता येणार, त्याच्यासाठी आत्ता पैसे का मोजायचे? फुटबॉल मोसमाआधी कोण कुठल्या तालमीकडे चालला यावर कोल्हापूरच्या पेठांत जो काथ्याकूट होतो, त्याचीच ही जात. फक्त आकडे कोटी पौंडांतले.

या सगळ्या चर्चेत कागदपत्रांचा विषय कुणीच काढला नाही. तो काढण्यासारखा वाटतही नाही.

सोमवार, 31 ऑगस्ट, सकाळ

स्पेनची ट्रान्सफर विंडो आज मध्यरात्री बंद होणार. इंग्लंडची उद्या संध्याकाळपर्यंत उघडी. म्हणजे घाई रेआलला. युनायटेडला डे हेआच्या जागी माणूस आणायला आणखी एक दिवस हातात. त्यातून इंग्लंडमध्ये ऑगस्टचा शेवटचा सोमवार म्हणजे बँक हॉलिडे, सार्वजनिक सुट्टी.

बोलणी आज सुरू झाली. नंतर एकमेकांवर तुटून पडलेले दोन्ही क्लब एवढ्या एका बाबतीत सहमत आहेत. युनायटेड म्हणतं, रेआलचा पहिला प्रस्ताव सोमवारी दुपारी जेवणाच्या सुमारास आला. रेआल म्हणतं, युनायटेडनं बोलणीची दारं सोमवारी सकाळी उघडली. सगळा उन्हाळा दोघं समोरचा आधी नमतो का याची वाट बघत बसले होते. माझ्या मते व्यवहार फिसकटला तो इथेच. रात्री जे झालं ते निस्तरणं होतं, आणि तेही जमलं नाही.

दुपारी 1:39

रेआलकडून करारांचे मसुदे युनायटेडकडे गेले. किंमत ठरली, त्या वेळच्या बातम्यांत आकडा 2.9 कोटी पौंडांच्या आसपास होता. त्याशिवाय नव्हास मँचेस्टरला जाणार. अट अशी की दोन्ही व्यवहार एकमेकांत अडकलेले: नव्हास आला नाही तर डे हेआ सुटणार नाही. म्हणजे दोन क्लब, दोन खेळाडू, त्यांचे प्रतिनिधी, त्यांचे वकील, एवढ्या सगळ्यांच्या सह्या एकाच रात्री जमायला हव्यात.

रात्री 9:42

आठ तासांनी युनायटेडकडून दोघांचे कागद परत आले. रेआलच्या निवेदनात ही वेळ 9:43 आहे. एका मिनिटाचा फरक सोडला तर दोन्ही घड्याळं इथपर्यंत जुळतात. या आठ तासांत काय चाललं होतं, यावर मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना. माद्रिदच्या मते मँचेस्टर वेळ काढत होतं.

पुढचं समजायला यंत्रणा थोडी माहीत हवी. आंतरराष्ट्रीय बदलीसाठी फिफाची टीएमएस नावाची ऑनलाइन व्यवस्था ऑक्टोबर 2010 पासून सक्तीची आहे. विकणारा आणि घेणारा, दोघांनी आपापल्या संगणकावर व्यवहाराचा तपशील वेगवेगळा भरायचा: रक्कम, हप्ते, तारखा, प्रतिनिधी. सह्या झालेले करार जोडायचे. दोन्ही नोंदी तंतोतंत जुळल्या तरच गाडी पुढे सरकते आणि नव्या देशाची संघटना जुन्या देशाकडे खेळाडूचं प्रमाणपत्र मागते. एकानं वेळेत भरलं आणि दुसऱ्यानं नाही, तर पहिल्याचं भरलेलं वाया.

रात्री 11:32

युनायटेडच्या म्हणण्यानुसार, डे हेआचे कागद रेआलकडून परत आले, पण सहीचं पानच त्यात नव्हतं. घराच्या व्यवहारात दस्तावर सही राहिली तर निबंधक दुसऱ्या दिवशी या म्हणतो. इथे अठ्ठावीस मिनिटं उरली होती.

11:40

रेआलकडून मसुद्यात मोठे बदल आले, असं युनायटेड सांगतं. रेआल सांगतं, आम्ही युनायटेडच्या दुरुस्त्या जशाच्या तशा मान्य केल्या. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असणं अवघड आहे.

11:53

हे रेआलचं घड्याळ: सात मिनिटं उरली असताना युनायटेडचं नव्हासच्या प्रतिनिधींशी जमलं आणि सहीसाठी करार त्यांच्याकडे गेला. ज्याच्यावर सगळी मोट बांधलेली, त्याच्याशी बोलणं शेवटी.

11:55

आवश्यक कागद आत्ता मिळाले, असं युनायटेड म्हणतं. नव्हासचे अजूनही नाहीत.

11:58

युनायटेडनं करार परत पाठवला, टीएमएसवर चढवला, आणि त्यांच्या दाव्यानुसार तो स्वीकारलाही गेला. रेआलच्या हिशेबात युनायटेडची ही नोंद बरोबर 00:00 ची.

भारतात पहाटेचे साडेतीन वाजत आले होते. युनायटेडचे इथले कितीतरी चाहते जागे होते. त्यांच्या गप्पा अजून डे हेआ गेला तर रोमेरोवर भिस्त ठेवायची की नव्हासवर, याच्यावरच.

मंगळवार, 1 सप्टेंबर, 00:02

रेआलला सह्यांचे पूर्ण करार मिळाले. टीएमएस उघडायला गेले, तर विंडो बंद.

00:28

तरीही रेआलनं कागद स्पॅनिश लीगकडे धाडले. युनायटेडनं आपल्या निवेदनात बातम्यांचा हवाला देऊन ही वेळ नोंदवली: मुदतीनंतर अठ्ठावीस मिनिटं. कागद मुदतीत पोचले नाहीत, असं लीगनं सांगितलं आणि विषय मिटला.

मंगळवार, दिवसभर

आधी रेआलचं दहा मुद्द्यांचं निवेदन, मग मिनिटांसकट युनायटेडचं. एवढे श्रीमंत क्लब, आणि भांडण ईमेल कुणाची किती वाजता आली यावर. चाहत्यांनी मात्र दोन्ही निवेदनं बाजूला सारून फॅक्स मशीन बिघडल्याचा विनोद उचलला आणि तोच टिकला. फॅक्सचा प्रश्नच नव्हता, हे सांगून काही उपयोग होत नाही. इंग्लंडची विंडो उघडी होती, तेव्हा त्याच दिवशी युनायटेडनं मोनॅकोहून अँथनी मार्शल आणला आणि चर्चा त्याच्या किमतीकडे वळली.

शुक्रवार, 11 सप्टेंबर

डे हेआनं युनायटेडशी चार वर्षांचा नवा करार केला. म्हणजे जूनमध्ये फुकट न्यायचा रेआलचा मार्गही बुजला. दुसऱ्याच दिवशी तो लिव्हरपूलविरुद्ध खेळला. युनायटेड 3-1 ने जिंकलं, त्यातला एक गोल पदार्पण करणाऱ्या मार्शलचा.

डे हेआ 2023 पर्यंत मँचेस्टरलाच राहिला. रेआलनं नवा गोलरक्षक आणला तो 2018 मध्ये, थिबो कोर्त्वा. त्याआधी 2016, 2017 आणि 2018, सलग तीन वर्षं रेआलनं चॅम्पियन्स लीग जिंकली. तिन्ही अंतिम सामन्यांत गोलपोस्टमध्ये नव्हास होता.