बाळंतिणीचे दिवस कोणी मोजले? सिझेरियननंतरच्या शरीराचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/१८
तुर्भ्याच्या बाजार आवारात कांदा, लसूण, मिरची निवडणाऱ्या स्त्रिया दिवसभर बसलेल्या दिसतात. वाकणे, ऊठबस करणे, भरलेली पाटी उचलणे हे त्यांचे रोजचे काम. यांपैकी एखादीचे बाळंतपण सिझेरियनने झाले, तर तिने कितव्या दिवशी पुन्हा पाटी उचलावी? प्रश्न वैद्यकाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर वैद्यकग्रंथ, शस्त्रक्रियागृह, कापडगिरणी आणि कायदेमंडळ अशा चार ठिकाणी घडले आहे. त्या दिवसगणतीचा हा इतिहास.

२/१८
आरंभ सुश्रुतसंहितेपासून करू. तिच्या शारीरस्थानात बाळंतिणीने दीड महिना आहारविहाराचे नियम पाळावेत आणि त्यानंतर तिला 'सूतिका' म्हणू नये, असे सांगितले आहे. काहींच्या मते पुन्हा पाळी येईपर्यंत ही अवस्था चालते, हेही तेथेच नोंदवले आहे. म्हणजे किमान पंचेचाळीस दिवस. चरकसंहितेत प्रसूतीनंतर पोटाला मोठे वस्त्र गुंडाळण्याचा उपचार येतो. आजच्या पोटपट्ट्याचा हा दूरचा पूर्वज.

३/१८
मराठी घरांत हीच मुदत 'सव्वा महिना' म्हणून रुळली. वेगळी खोली, बाज, तिच्याखाली शेगडी, तेलाचे मर्दन, कडकडीत पाण्याची न्हाणी, ओवा-वेखंडाची धुरी, बाळंतशेपा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. सोयर आणि विटाळ यांच्या कल्पनांनी ती खोली वेढलेली होती, हे खरे. तरीही त्या निमित्ताने जाते, पाणी आणि चूल यांतून स्त्रीची काही दिवस सुटका होत असे. अर्थात, ज्या घराला ते परवडे त्या घरातच.

४/१८
ही सारी व्यवस्था नैसर्गिक मार्गाने झालेल्या प्रसूतीसाठी होती. सुश्रुताने पोट फाडून मूल काढण्याचा उल्लेख केला आहे, पण तो निदानस्थानात आणि केवळ एका प्रसंगी : माता मरण पावली आहे आणि उदरात गर्भाची हालचाल जाणवते आहे. प्राचीन रोमच्या कायद्यातही मृत गर्भवतीचेच पोट चिरण्याची आज्ञा होती. जूलियस सीझर असा जन्मला ही दंतकथाच, कारण त्याची आई पुढे अनेक वर्षे हयात होती. थोडक्यात, या शस्त्रक्रियेच्या प्राचीन रूपात बाळंतिणीच्या भरून येण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

५/१८
युरोपात जिवंत स्त्रीवर सिझेरियन करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हाही बहुतेक स्त्रिया दगावत. एक मोठे कारण असे की शल्यचिकित्सक पोटाला टाके घालत, पण गर्भाशय उघडेच ठेवत. ते आपोआप आकसून मिटेल अशी समजूत होती. परिणाम रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग. १८७६ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो यांनी मूल काढल्यावर गर्भाशयच कापून टाकले. ती स्त्री जगली. मात्र त्या जगण्याची किंमत पुढचे मातृत्व ही होती.

६/१८
१८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी गर्भाशयालाच नीट टाके घालण्याची पद्धत मांडली. आपल्या कथेचा खरा आरंभ येथे होतो, कारण आता गर्भाशयासह जगणारी आणि व्रण घेऊन घरी जाणारी बाळंतीण इतिहासात अवतरली. १९०० मध्ये फानेनश्टील यांनी ओटीपोटावरचा आडवा छेद रूढ केला. १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या पातळ, खालच्या भागावर छेद घेण्याचा आग्रह धरला. वरच्या उभ्या छेदापेक्षा तेथे रक्त कमी जाते आणि पुढच्या गरोदरपणात व्रण फाटण्याचा धोकाही कमी राहतो.

७/१८
बाहेरून दिसतो तो वीतभराहून लहान आडवा व्रण. आत मात्र अनेक थर उघडलेले असतात : त्वचा, चरबी, स्नायूंवरचे चिवट आवरण, पोटाचा आतला पडदा आणि शेवटी गर्भाशय. पोटाचे उभे स्नायू सहसा कापले जात नाहीत, बाजूला सारले जातात. मूत्राशयही अनेकदा खाली ढकलले जाते. पहिल्या दिवसांत खोकताना, हसताना, कुशीवर वळताना सारे पोट ओढल्यासारखे होते, त्याचे कारण हे थर.

८/१८
गर्भाशयाचे आकसणे दोन्ही प्रकारच्या प्रसूतींत सारखेच. प्रसूतीनंतर लगेच त्याचे वजन सुमारे एक किलो असते आणि वरचे टोक बेंबीपर्यंत लागते. सुमारे दोन आठवड्यांत ते ओटीपोटाच्या पोकळीत उतरते आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास शंभर ग्रॅमच्या आत येते. सिझेरियन झाले तरी अंगावरून जाणे आणि दूध पाजताना कळा येणे चुकत नाही. सुश्रुताचा दीड महिना आणि मराठी सव्वा महिना या गतीच्या जवळ येतात, हे लक्षणीय आहे.

९/१८
परंतु व्रणाची दिनदर्शिका वेगळी असते. कापलेल्या त्वचेची ताण सोसण्याची शक्ती पहिल्या आठवड्याअखेर मूळच्या सुमारे १० टक्केच असते. तीन महिन्यांनी ती ७० ते ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. पूर्ववत ती कधीच होत नाही. टाके निघाले म्हणजे जखम भरली हा समज येथेच फसतो. वरची त्वचा मिटलेली असते, तेव्हा आतल्या आवरणाची वीण अजून सुरूच असते. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळापेक्षा जड काही उचलू नये, हा सल्ला यातून आला.

१०/१८
आणखीही बदल होतात. नैसर्गिक प्रसूतीत साधारण अर्धा लिटर रक्त जाते, तर सिझेरियनमध्ये सुमारे एक लिटर. आधीच रक्त कमी असलेल्या स्त्रीला हा फरक महिनोन् महिने थकवतो. दूध उतरण्यास कधी एखादा दिवस उशीर लागतो. छेदात त्वचेच्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून व्रणाच्या वरचा भाग कित्येक महिने बधिर राहतो किंवा त्यात मुंग्या येतात. व्रण आधी लालसर व टणक असतो आणि वर्षभरात बहुधा फिकट होत जातो.

११/१८
विश्रांतीचा अर्थही इतिहासात बदलला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला बराच काळ खाटेवर निजवून ठेवत. १९४० च्या दशकात हे मत उलटले. निजून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, फुप्फुसांत कफ साचतो, आतडी मंदावतात, हे डॉक्टर ठामपणे मांडू लागले. १९४७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणाच्या धोक्यांवर लिहिलेला लेख गाजला. आज सिझेरियन झालेल्या स्त्रीला बहुधा पहिल्या चोवीस तासांतच उठवून चालवतात.

१२/१८
येथे आजीचा सव्वा महिना आणि रुग्णालयाचा नियम समोरासमोर येतात. आजी म्हणते, निजून राहा. परिचारिका म्हणते, चाला. विश्रांती दोघींनाही हवी आहे. एकीला ती अंथरुणात दिसते, दुसरीला ओझ्यापासून मुक्त राहण्यात. शेगडीचा प्रश्न अधिक नाजूक. बधिर त्वचेला चटका कळत नाही, म्हणून ताज्या व्रणाजवळचा शेक भाजू शकतो. पोटपट्टा हालचालीला आधार देतो, मात्र दूर गेलेले स्नायू तो जुळवत नाही. डिंकाच्या लाडवाशी कोणाचेच भांडण नाही.

१३/१८
आता गिरणीकडे वळू. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर घेऊ नये, असा करार केला. त्या काळी मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास त्यांच्या बाळंतपणाची पाहणी केली. आई लवकर कामावर परतत असे आणि तान्ह्याला अफूची 'बाळगोळी' देऊन निजवले जात असे, हे दाहक वास्तव त्यातून पुढे आले.

१४/१८
१९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मग मुंबई विधिमंडळात रा. सं. आसवले यांनी विधेयक आणले. जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा देशातील या प्रकारचा पहिला. त्याने प्रसूतीनंतर चार आठवडे स्त्रीला कारखान्यात कामावर घेण्यास बंदी घातली. घरातल्या रूढीत असलेले दिवस प्रथमच कामगार स्त्रीचा हक्क म्हणून लिहिले गेले.

१५/१८
स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या केंद्रीय कायद्याने ही बंदी सहा आठवड्यांची केली आणि एकूण बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिना अधिक मिळतो. १९९५ च्या दुरुस्तीने कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी दोन आठवड्यांची स्वतंत्र रजा आली. म्हणजे एका शस्त्रक्रियेचे नाव कायद्यात आले. सिझेरियनसाठी मात्र वेगळे कलम झाले नाही. कायद्याच्या लेखी ती निव्वळ 'प्रसूती'च राहिली.

१६/१८
हे मौन कशामुळे? सहा आठवड्यांची मोजणी झाली, तेव्हा सिझेरियन हा विरळा, निकराचा उपाय होता. आज तसे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशातील सुमारे ३ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या होत्या; २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के, म्हणजे चौघींत एक. सरकारी कागदावर दोन शरीरांतला फरक एके ठिकाणी स्पष्ट दिसतो : २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस रुग्णालयात मोफत आहार आहे.

१७/१८
आता पुन्हा तुर्भे. १९८० च्या दशकापासून मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने येथे हलले. शेजारी ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने होतेच. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेले आणि कष्टकऱ्यांचे हात खाडीपलीकडे असे पसरले. परंतु १९२९ चा हक्क हजेरीपटावर नाव असलेल्या कामगार स्त्रीचा होता आणि सव्वीस आठवडेही तिचेच. रोजावर मिरची निवडणारीचे नाव बहुधा कोणत्याच पटावर नसते. मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये तिला मिळू शकतात, पण ते आठवडे देत नाहीत. तिचा कितवा दिवस, हे घरातला डबा ठरवतो.

१८/१८
सुश्रुताने दीड महिना मोजला, आजीने सव्वा, वॉशिंग्टनने सहा आठवडे, मुंबईने चार. या साऱ्या मोजण्या गर्भाशयाच्या गतीशी कमीअधिक जुळतात. व्रणाचे तीन महिने त्यांपैकी एकीतही धरलेले नाहीत. झेंगरच्या टाक्याने आईचा जीव वाचवला, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. त्या टाक्याला लागणारे दिवस मोजणे अजून बाकी आहे. आपल्या घरातील आई, मावशी, आत्या यांना एकदा अवश्य विचारा : बाळंतपणानंतर पहिली घागर कितव्या दिवशी उचलली होती? मिळालेले उत्तर खाली लिहा. हा इतिहास दप्तरांत फारसा सापडत नाही, तो घरोघरच्या आठवणींत आहे.