कुलवृत्तांताबाहेरचा मूळ पुरुष



आमच्या कोंकणांतील पुष्कळ घरांतून कपाटाच्या वरच्या फळीवर जाड पुठ्ठ्याचा एक ग्रंथ जपून ठेवलेला असतो. तो कुलवृत्तांत. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ति काढावयाचें ठरलें, तेव्हां आंजर्लें आणि आसपासच्या गांवांतील शाखांची माहिती गोळा करण्याचें काम, सेवानिवृत्त शिक्षक रिकामाच असतो अशा समजुतीनें, माझ्याकडे आलें. छापील तक्त्याच्या अगदीं वर 'मूळ पुरुष' असें लिहून पुढें मोकळी जागा सोडलेली आहे. बहुतेक शाखा दहा-बारा पिढ्यांपर्यंत जाऊन थांबतात. त्यापलीकडचें विचारलें म्हणजे वडीलधारी माणसें समुद्राकडे बोट दाखवितात, आणि किनाऱ्यास लागलेलीं प्रेतें परशुरामानें जिवंत केल्याची कथा सांगतात. कथा सुंदर आहे. पिढ्या मोजण्याच्या कामीं मात्र तिचा उपयोग होत नाहीं.

याच कामासाठीं हर्णैस गेलों असतां बंदरावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आतां त्याच्या स्वतःच्या दोन मच्छिमारी होड्या आहेत. क्षेमकुशल झाल्यावर त्यानें एकाएकीं विचारलें, "गुरुजी, वर्गांतलें तें माणसांच्या रांगेचें चित्र अजून आहे का हो?"

तें चित्र आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. डावीकडे ओणवें वानर, मग जरा कमी ओणवा प्राणी, मग वांकलेल्या गुडघ्यांचा, पुढें मान काढलेला केसाळ मनुष्य, आणि शेवटीं ताठ चालणारा गोरा पुरुष. १९६५ सालीं रुडॉल्फ झालिंगर या अमेरिकेंतील चित्रकारानें एका ग्रंथासाठीं अशी एक लांबलचक रांग काढली, आणि तिच्या लहानमोठ्या नकला जगभरच्या शाळांतून भिंतींवर चढल्या. ज्या शाळेंत मी शिकवीत होतों तेथेंहि एक होती. एके दिवशीं मी छडीनें त्या केसाळ मनुष्याकडे बोट करून 'हा निअँडरथल मानव' असें सांगत असतां मागच्या बांकावरून कोणीतरी या मुलाचें नांव घेतलें. तो रंगानें काळा, अंगानें आडवा. वर्ग हंसला. मींहि हंसलों. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आला नाहीं. घरचें कारण असेलहि. होडीवर माणूस कमी पडला कीं कोळ्याच्या मुलाची शाळा सुटते. परंतु पंचवीस वर्षांनंतर त्याला गुरुजी भेटले आणि आठवलें तें चित्र, एवढें खरें.

तें चित्र खोटें होतें. तें कसें खोटें, हें समजावयास जगालाहि फार वर्षें लागलीं. आज तीच हकीकत सांगावयाची आहे.

१८५६ सालच्या ऑगस्टमध्यें जर्मनींत ड्युसेलडॉर्फजवळ निअँडर नांवाच्या दरींत मजूर चुनखडीची खाण खणीत होते. एका लहानशा गुहेंतील चिखल उपसतांना त्यांत कांहीं हाडें आणि कवटीचा वरचा भाग निघाला. अस्वलाचीं हाडें असावींत असें वाटून तीं एल्बरफेल्ड येथील शाळेंत शिकविणाऱ्या योहान कार्ल फुलरॉट यांना दाखविण्यांत आलीं. भुंवयांच्या जागीं हाडाची जाड कमान, कपाळ मागें उतरतें; तरी हें अस्वल नव्हे, माणूसच आहे, आणि आजच्यासारखा माणूस नव्हे, हें त्यांनीं ओळखलें. जगांतील एका मोठ्या शोधाची पहिली पारख एका शाळामास्तरानें केली, याचा मला अभिमान वाटतो. श्रोत्यांनीं क्षमा करावी.

बॉनचे प्राध्यापक शाफहाउझेन यांनीं फुलरॉटची बाजू उचलून धरली, पण विद्वज्जनांनीं पुष्कळ वाद घातला. डार्विनचा 'जातींची उत्पत्ति' हा ग्रंथ निघावयास अजून तीन वर्षें होतीं. एकानें म्हटलें, हा १८१४ च्या युद्धांत मागें राहिलेला रशियन घोडेस्वार. फिर्को यांच्यासारख्या थोर वैद्यकशास्त्रज्ञानें हाडांना रोग झाला होता असें ठरविलें. १८६४ सालीं विल्यम किंग यांनीं त्यास स्वतंत्र जातीचें नांव दिलें, परंतु त्याचें मन पशूच्या पलीकडे गेलें नसावें असाहि शेरा मारला. कवटी पाहून मनाची परीक्षा करण्याची संवय ती हीच.

खरा अन्याय पुढेंच झाला. १९०८ सालीं फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथें जवळजवळ संपूर्ण सांगाडा सांपडला. पॅरिसच्या मार्सेलँ बूल यांनीं त्याचा अभ्यास करून मोठा ग्रंथ लिहिला. गुडघे वांकलेले, पाठ कुबडी, मान पुढें आलेली, असें त्याचें वर्णन झालें, आणि चित्रकारांनीं त्यावर केंस चढविले. १९५७ सालीं स्ट्राउस आणि केव्ह या दोघां शास्त्रज्ञांनीं तीच हाडें पुनः तपासलीं. तो गृहस्थ दांत पडलेला आणि सांध्यांच्या दुखण्यानें बेजार झालेला होता. त्याला न्हाऊंमाखूं घालून, दाढी करून, आजचे कपडे चढवून न्यूयॉर्कच्या भुयारी आगगाडींत बसविलें तर कोणी वळूनहि पाहणार नाहीं, अशा अर्थाचें त्या दोघांनीं लिहून ठेविलें आहे. एका आजाऱ्याच्या दुखण्यावरून सबंध मानवजात वांकविली गेली, आणि ती वांकलेली आकृति मीं छडीनें दाखविली. इराकांतील शानिदार गुहेंत १९५७ सालीं सांपडलेल्या दुसऱ्या एका निअँडरथलाचा उजवा हात लहानपणींच निकामी झालेला होता, एका डोळ्यानें बहुधा दिसत नव्हतें, पायहि अधू होता; तरी तो प्रौढ वयापर्यंत जगला. त्याला कोणी खावयास घातलें असेल, हें सांगावयास ग्रंथ नको.

आतां वानरांविषयीं. आमच्या वाडींत नारळ पाडणारीं आणि कौलें फोडणारीं माकडें आपले पूर्वज, असें डार्विन म्हणतो, अशी समजूत सुशिक्षितांतहि आढळते. ही समजूत सोडावी. माकडाला शेंपूट असतें आणि आपलें नातें त्याच्याशीं फार दूरचें. जवळचे नातलग म्हणजे बिनशेंपटीचे मोठे वानर: चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटांग. तेहि आपले आजोबा नव्हत. ते चुलत घरचे. कुलवृत्तांताच्या भाषेंत सांगावयाचें तर मूळ पुरुष एक, त्याच्या शाखा दोन. एक शाखा आफ्रिकेच्या रानांत राहिली, दुसरीनें गांवोगांव बिऱ्हाडें थाटलीं. आपली आणि चिंपांझीची वांटणी साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीं झाली. २००५ सालीं चिंपांझीचा सबंध जनुकसंच वाचण्यांत आला, तेव्हां अक्षरास अक्षर लावून पाहतां फरक शेंकडा सव्वाएकाच्या आसपास निघाला. त्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या, आपल्या तेवीस. कारण दोन जुनीं गुणसूत्रें टोकास टोक जुळून आपलें दुसरें गुणसूत्र झालें आहे आणि सांधा आजहि दिसतो. भाऊबंदकींत जमिनीचे दोन तुकडे एक झाले म्हणजे मधला बांध जसा ओळखतां येतो, तसाच.

कवट्या मोजून माणसांस पायऱ्यांवर उभें करण्याचें वेड मेलेल्यांवर थांबलें नाहीं, तें जिवंतांवर उलटलें. येथें ही हकीकत आमच्या शेजारच्या गांवांत येते. हर्णैच्या पलीकडे मुरुड. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बाळपण तेथें गेलें. परीक्षेसाठीं ते मुरुडाहून घाट चढून पायीं साताऱ्यास गेले, आणि तेथें परीक्षकांनीं 'तुझें वय सतरा दिसत नाहीं' म्हणून त्यांस परत पाठविलें, ही गोष्ट आमच्याकडे मुलांस सांगतात. दिसण्यावरून पारख केल्यास काय होतें याचें इतकें जवळचें उदाहरण असतां मीं तें वर्गांत कधीं त्या कामीं लावलें नाहीं.

या कर्व्यांच्या स्नुषा, दिनकररावांच्या पत्नी, म्हणजे इरावतीबाई. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशांतील. नांव तेथील नदीवरून ठेविलेलें. मुंबई विद्यापीठांत डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं चित्पावनांवर प्रबंध लिहून १९२८ सालीं त्या जर्मनीस गेल्या. एवढ्या मोठ्या सुधारकालाहि सुनेचें परदेशीं जाणें रुचलें नव्हतें, डॉ. जीवराज मेहता यांनीं कर्ज दिलें म्हणून प्रवास घडला. बर्लिनच्या मानववंशशास्त्र संस्थेंत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. गोऱ्या वंशाचें श्रेष्ठत्व हाडांत शोधणारे हे पंडित. पुढें नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणास यांच्याच शास्त्राचा आधार झाला. युरोपीय माणसाच्या कवटीची एक बाजू दुसरीपेक्षां अधिक वाढलेली असते आणि त्यामुळें त्याची तर्कबुद्धि वरचढ असते, अशी एक कल्पना त्या काळीं तेथें प्रचलित होती. इरावतीबाईंना याच विषमतेवर काम मिळालें. त्यांनीं निरनिराळ्या वंशांच्या १४९ कवट्या मोजल्या, आणि कवटीच्या विषमतेचा वंशाशीं कांहीं संबंध नाहीं असें लिहून दिलें. परका देश, कर्जाचे पैसे, आणि ज्यांच्या हातीं पदवी त्यांच्याच मताविरुद्ध निष्कर्ष! मी चाळिशींत, स्वतःच्या गांवांत, स्वतःच्या वर्गांत एका मुलाच्या बाजूनें एक वाक्य बोललों नाहीं. म्हणून या बाईंचें धैर्य मला अधिक मोठें वाटतें. पदवी घेऊन त्या परतल्या, १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं अध्यापन केलें, आणि १९७० सालीं वारल्या.

हाडांबाहेरचा पुरावा हातीं यावयास त्यानंतर बरींच वर्षें गेलीं. १९९७ सालीं स्वांते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं निअँडरच्या दरींतील त्याच १८५६ सालच्या माणसाच्या दंडाच्या हाडांतून जनुकद्रव्य काढलें. तें केवळ मातृपरंपरेनें येणारें होतें, आणि त्यांत आपल्याशीं मेळ दिसला नाहीं. तेव्हां शास्त्रज्ञांनीं म्हटलें, हे निराळे, निर्वंश झाले. २०१० सालीं मुख्यतः क्रोएशियांतील विंदिया गुहेच्या हाडांवरून सबंध जनुकसंचाचा पहिला मसुदा तयार झाला, आणि निकाल फिरला. आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येक माणसांत निअँडरथलाचा शेंकडा एक ते दोन अंश आहे. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वीं, आपले पूर्वज आफ्रिकेंतून बाहेर पडल्यावर, दोघांचे शरीरसंबंध झाले. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर हे दोन हजार पिढ्यांचे अंतर. या कामासाठीं पेबो यांस २०२२ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्या देशांत निअँडरथलाचें म्हणून सर्वमान्य असें एकहि हाड मिळालेलें नाहीं. नर्मदाकांठीं हाथनोरा येथें १९८२ सालीं अरुण सोनकिया यांना सांपडलेली जुनी कवटी निराळ्या मानवाची मानतात. हाड नाहीं, पण रक्त आहे. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत २,७६२ भारतीयांच्या जनुकसंचांतून निअँडरथलांचे तुकडे वेंचून एकत्र केले, तेव्हां त्या लुप्त मानवाच्या जनुकसंचाचा सुमारे निम्मा भाग हातीं आला. प्रत्येकाजवळ चिमूटभर, पण प्रत्येकाची चिमूट निराळी.

यांतील एक चिमूट आपणांस महाग पडली. तिसऱ्या गुणसूत्रावरील एका तुकड्यामुळें कोरोनाचा आजार बळावतो, आणि तो तुकडा निअँडरथलांकडून आला, असें २०२० सालीं झेबर्ग आणि पेबो यांनीं दाखविलें. युरोपांत शेंकडा सोळा लोकांजवळ तो आहे. आपल्या दक्षिण आशियांत सुमारें निम्म्या लोकांजवळ. वय आणि जुने आजार यांचा वांटा अर्थात् मोठा. २०२१ च्या एप्रिलमध्यें माझे थोरले बंधु गेले. त्याच आठवड्यांत माझ्या त्या विद्यार्थ्याचे वडीलहि गेले, हें मला हर्णैच्या धक्क्यावर कळलें. तो तुकडा कोणाजवळ होता हें आतां सांगतां यावयाचें नाहीं. माझ्या घारे डोळे असलेल्या, गोऱ्यापान बंधूंजवळ तो असूं शकत होता आणि त्या कोळ्याजवळ नसूं शकत होता, किंवा उलट. अंगावरून तो दिसत नाहीं.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर मीं त्याला त्या दिवशीं दिलें. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत शाळेचीं कौलें उडालीं, भिंती पावसांत भिजल्या, आणि तें चित्र गेलें. मी तोंवर निवृत्त झालों होतों. नोकरींत असतांना माझ्या हातून तें निघालें नाहीं, हेंहि त्याला सांगितलें. तो कांहीं वेळ जाळ्याची गांठ सोडवीत बसला.

मग त्यानें विचारलें, "नवें लावलें नाहीं ना?"

"नाहीं," मीं म्हटलें.

त्यानें मला दोन पापलेटें बांधून दिलीं. मी खात नाहीं हें तो विसरला होता. मींहि सांगितलें नाहीं. तीं शेजारीं दिलीं. कुलवृत्तांताचा तक्ता अजून माझ्या टेबलावर आहे; बाकीचे रकाने भरून झाले आहेत.