कानाच्या पाळीवरची फसवी गाठ
एकोणिसावं शतक संपत आलं होतं. कातडीवरच्या काही गाठींनी तेव्हा युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांना बुचकळ्यात टाकलं होतं. गाठ लालसर-जांभळट, मऊसर, आणि सूक्ष्मदर्शकाखाली लिंफोसाइट पेशींची खच्चून गर्दी. पेशी पाहून कर्करोगाचा निकाल द्यावा, तर रोगी वर्षानुवर्षं ठणठणीत! श्पीग्लर यांनी १८९४ मध्ये आणि फेंट यांनी १९०० मध्ये अशा रुग्णांची वर्णनं छापली. दोघांची नावं पुढं या गाठीला चिकटली, पण तिला ‘सार्कॉइड’ म्हणत. सार्कोमाची, म्हणजे कर्करोगाची, सावली काही सुटली नव्हती.

ती सोडवली स्वीडनच्या बेफ्वेरश्टेट यांनी. १९४३ मध्ये त्यांनी या रोगावर अख्खा प्रबंध लिहिला आणि नावातच ‘बेनिग्ना’, म्हणजे निरुपद्रवी, असा शब्द घातला. गाठीची आवडती ठिकाणंही ठरलेली: लहान मुलांत कानाची पाळी, मोठ्यांत स्तनाग्राभोवतालचं वर्तुळ. त्यामुळं पाळी लाल होऊन सुजली की तिकडच्या डॉक्टरांना आजही आधी हीच शंका येते.

यानंतरचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण इथं औषध आधी सापडलं आणि जंतू मागाहून. लेनहॉफ यांनी १९४८ मध्ये कातडीच्या काही विकारांत मळसूत्री जंतूंसारखं काहीतरी दिसल्याचं लिहिलं. १९५० मध्ये बियांकी यांनी पेनिसिलिननं या गाठी विरघळतात असं नोंदवलं. पाशूद यांनी तर गाठीचा तुकडा एका माणसातून दुसऱ्यात रोवून ती संसर्गजन्य असल्याचं दाखवलं. आजची कुठलीही नैतिकता समिती त्यांना दारातही उभं करणार नाही. गोचीड चावल्याचाही संबंध त्यांनी जोडला होता. पण जंतू हाती लागला नव्हता. तो लागला अमेरिकेत: १९८१ मध्ये विली बुर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात ‘बोरेलिया’ हा मळसूत्री जंतू सापडला, आणि १९८६ मध्ये स्वीडिश डॉक्टरांनी तो थेट या गाठीतून वाढवला.

आता गोळी डॉक्सिसायक्लिनची (लहान मुलांना बहुधा अमॉक्सिसिलिन), आणि गाठ काही आठवड्यांत ओसरते. पण निदान अजूनही सोपं नाही. साध्या दाहाच्या गाठीत लिंफोसाइटांचे गोल पुंजके असतात आणि त्यांना कडेनं एक नीट किनार असते. बोरेलियाच्या गाठीत नेमकी हीच किनार पुष्कळदा नसते, आणि चित्र लिंफोमाशी, म्हणजे लिंफोसाइटांच्या कर्करोगाशी, भलतंच जुळतं. म्हणून पॅथॉलॉजिस्ट नुसत्या आकारावर विसंबत नाहीत. बी-पेशींवर कॅप्पा आणि लॅम्बडा या दोन्ही प्रथिन-साखळ्या मिसळून आहेत की एकीचंच राज्य आहे, हे ते तपासतात. एकीचंच असेल तर लिंफोमाचा संशय बळावतो, तरी तोही अखेरचा निकाल नव्हे. बायोप्सीचा तुकडा पुरेसा खोल हवा, वरवर खरवडलेला चालत नाही.

अशा फसव्या गाठी फक्त गोचिडीमुळंच होतात असं नाही. गोंदणाचा लाल रंग, कीटकदंश आणि काही औषधंही त्यामागं असतात. फिट्सवरच्या फिनायटॉइननं येणाऱ्या लिंफोमासदृश सुजेकडं १९५९ मध्ये सॉल्ट्झस्टाइन आणि अॅकरमन यांनी लक्ष वेधलं. त्यामुळं आपल्याकडं गोचिडीपेक्षा आधी रुग्णाच्या औषधांची पिशवी उघडून पाहावी, असं माझं मत. गोळी बदलल्यावर गाठी बहुधा विरतात. मात्र फिट्सची गोळी मनानं बंद करणं म्हणजे झटक्याला आमंत्रण, ती न्यूरोलॉजिस्टनंच बदलावी. आणि गाठ विरली तरी रुग्णानं पुढं अधूनमधून दाखवायला यायचंच, कारण मोजक्या रुग्णांत खरा लिंफोमा उशिरा उघडकीस येतो.