वरची दाढ

सोयगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईच्या दाढेचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि तिला एकेक पर्याय समजावून सांगितला. कीड नसेपर्यंत पोचली होती, त्यामुळे नुसतं सिमेंट भरून भागणार नव्हतं. रूट कॅनाल करून वर कॅप बसवता येईल. नाहीतर दाढ काढावी लागेल. मग ती जागा तशीच ठेवायची, की काढता-घालता येणारा दात लावायचा, की ब्रिज, की इम्प्लांट, हे पुढे बघता येईल. "मावशी, विचार करून सांगा," ते म्हणाले.

आईनं सगळं नीट ऐकलं आणि यादीत नसलेलाच प्रश्न विचारला. "वरची हाये ना दाढ? मग काढल्यावर डोळ्याला काही व्हनार नाही ना?"

डॉक्टर हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र हेच वाक्य आजवर किती जणांच्या तोंडून ऐकलं, ते आठवत राहिलो. वरची दाढ काढली की नजर जाते. खालच्या दाढेबद्दल असं कुणी म्हणत नाही. भीती इतकी नेमकी असेल, तर ती कुठूनतरी आलेली असणार.

*

ही भीती मला सुश्रुतसंहितेत भेटली. तिच्या चिकित्सास्थानात तोंडाच्या रोगांवर एक अध्याय आहे. त्यात वैद्याला बजावलं आहे, की वरचा दात हलत असला तरी काढू नये. तो मुळासकट उपटला तर रक्त फार जातं, माणूस एका डोळ्यानं आंधळा होतो, त्याचं तोंड वाकडं होतं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही वरचा दात काढण्याविरुद्ध अशीच ताकीद आहे. हे लिहिणाऱ्यांना दात काढणं माहीत नव्हतं, असंही नाही. सुश्रुताच्या शस्त्रांच्या यादीत दंतशंकू नावाचं हत्यारच आहे. म्हणजे हात चालवणाऱ्या माणसांनी आपल्या अनुभवाला घातलेली ही मर्यादा होती.

आईनं सुश्रुत वाचलेला नाही. पण ग्रंथ आणि गाव एकाच अनुभवाबद्दल बोलत होते, असं मला वाटतं. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाशी टेकलेली असतात, सुळ्याचं मूळ तर डोळ्याच्या दिशेनं लांबवर गेलेलं असतं. तिथे पू झाला तर गाल सुजतो, पापणी मिटते. चेहऱ्यातल्या शिरा डोळ्यामागच्या शिरांना जोडलेल्या असल्यानं क्वचित हा संसर्ग आत मेंदूपर्यंतही जातो. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा अशा दुखण्यात डोळा जाई, जीवही जाई.

नजरेची नस वेगळी आहे, दाढ काढताना तिला धक्का लागत नाही. पण त्या काळी दात उपटून घ्यायला कोण बसत असेल? ज्याचं दुखणं हाताबाहेर गेलंय, तोच. पू आधीच पसरलेला असे, दात नंतर निघे आणि डोळा त्याच्यानंतर जाई. पाहणाऱ्यानं शेवटच्या दोन गोष्टी जोडल्या. रोगाचं पाप उपचाराच्या माथी बसलं.

या भीतीची खरी किंमत पुढे आहे. डोळ्याला जपायचं म्हणून माणूस दाढ अंगावर काढतो, लवंग दाबतो, मिश्री लावतो आणि गाल सुजल्यावरच दवाखान्यात येतो. डोळ्याला ज्या स्थितीत थोडाफार तरी धोका असतो, नेमक्या त्याच स्थितीत.

*

'काढायची की वाचवायची' हा प्रश्नच मुळात फार जुना नाही. दात कोरण्याची कला जुनी आहे. बलुचिस्तानातल्या मेहेरगढला साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकानं पाडलेली भोकं सापडली. पण तो धागा पुढे टिकला नाही. बहुतेक काळ बहुतेक माणसांपुढे दोनच वाटा होत्या : सोसा किंवा उपटा.

मधल्या वाटा एकोणिसाव्या शतकात उघडू लागल्या, त्याही सुट्या सुट्या. १८३८मध्ये एडवर्ड मेनार्डनं घड्याळाच्या स्प्रिंगला घासून दाताच्या नळीत जाईल अशी बारीक सुई केली. १८४४च्या डिसेंबरात होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानं नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचाच दात काढवून घेतला. दोन वर्षांनी विल्यम मॉर्टननं बॉस्टनमध्ये ईथरचा प्रयोग जाहीरपणे करून दाखवला. शस्त्रक्रियेतल्या भुलीचा रस्ता असा दंतवैद्यांनी मोकळा केला, कारण पळून जाणाऱ्या रोग्याशी रोजची गाठ त्यांचीच होती. १८६७च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून होणारा गटापर्चा दाताच्या मुळात भरायला वापरला गेला. आजही रूट कॅनालमध्ये तोच भरतात. १८९५ला क्ष-किरण सापडले आणि मूळ आतून कसं आहे ते न उपटता दिसू लागलं. १९५७मध्ये हवेवर फिरणारं अतिवेगवान ड्रिल बाजारात आलं आणि तासाभराची घरघर काही मिनिटांवर आली.

डॉक्टर आईला सहज म्हणाले, "तुम्ही ठरवा." त्या एका वाक्यामागे एवढं सगळं उभं आहे.

शास्त्र पुढे गेलं म्हणून भीती संपली, असंही झालं नाही. तिनं फक्त दिशा बदलली. १९१०मध्ये विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरनं माँट्रियलला व्याख्यान दिलं. किडक्या मुळांवर सोन्याचं काम करून दंतवैद्य आत पू कोंडतात आणि त्यातून शरीरभर रोग होतात, असा त्याचा आरोप होता. त्यात तथ्याचा अंश होता, पण त्यावरून जी लाट आली तिच्यात संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशावरही उपाय म्हणून दात काढले गेले, धडधाकटसुद्धा. आमच्याकडे वरचा दात काढायचा नाही, त्यांच्याकडे सगळेच काढून टाकायचे. दोन्हीकडे रोग्याला विचारायची पद्धत नव्हती.

आणि विचारलं तरी पैशाचं काय? ब्रिटनमध्ये १९४८ला सरकारी आरोग्यसेवा मोफत सुरू झाली, तेव्हा कवळ्यांसाठी लोकांची झुंबड उडाली. १९५१मध्ये कवळी आणि चष्म्याला पैसे लावायचं ठरलं, तेव्हा ती सेवा उभी करणारे अन्युरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. कवळी हा राज्यकारभाराचा प्रश्न झाला, कारण दात नसणं हा गरिबीचा प्रश्न होता.

*

औरंगाबादला सरकारी दंत महाविद्यालय १९८२ साली सुरू झालं. त्याच वर्षी टोरांटोच्या परिषदेत स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांचं टायटॅनियमचं इम्प्लांट जगापुढे मान्य झालं. सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम निघता निघत नाही, हे त्यांना १९५२मध्येच दिसलं होतं. इम्प्लांट तिथून आमच्या तालुक्यापर्यंत यायला आणखी बराच काळ गेला. अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात असल्यानं जग आमच्याकडे येतं, पण आम्हाला जिल्ह्याचं गाव लांब. जळगाव त्याहून जवळ. सरकारी दवाखान्यात पैसे कमी लागतात, पण एका खेपेला दिवस मोडतो आणि रूट कॅनालला एकच खेप पुरेलच असं नाही.

म्हणून दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आम्ही प्रश्न लिहून नेले. कॅप धरेल इतका दात शिल्लक आहे का? मुळाभोवतीचं हाड घट्ट आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर वाचवण्यात अर्थ, नाहीतर काढणंच शहाणपणाचं. सांगितलेल्या पैशात कॅप धरली आहे का, आणि खेपा किती? काढली तर पुढे काय? अक्कलदाढेची जागा रिकामी राहिली तरी बिघडत नाही. पण आईची दाढ मधली होती. ती गेली तर शेजारचे दात कलणार, समोरचा हळूहळू खाली-वर सरकणार. ब्रिज करायचा तर शेजारचे दोन चांगले दात तासावे लागणार. इम्प्लांट शेजाऱ्यांना हात लावत नाही, पण त्याला हाड लागतं, काही महिने लागतात आणि सर्वांत जास्त पैसे लागतात. शेवटचा प्रश्न : काहीच केलं नाही तर? डॉक्टर म्हणाले, "दुखणं थांबेलही. नस मरते, म्हणून थांबतं. पू थांबत नाही."

आणि आईचा प्रश्न मी यावेळी स्वतः विचारला. डॉक्टर हसले नाहीत. काढल्यानं डोळा जात नाही, पू ठेवल्यानं धोका असतो, असं त्यांनी तिला बोट ठेवून एक्स-रेवर दाखवलं. आई बराच वेळ त्या काळ्या डागाकडे पाहत होती.

तिनं रूट कॅनाल निवडलं. दुसऱ्या खेपेनंतर ठणका थांबला, तशी म्हणाली, "आता टोपी कापूस विकल्यावर बसवू." बरीचशी माणसं इथेच थांबतात. पोखरलेली दाढ टोपीविना चावताना चिरते आणि वाचवलेली दाढ शेवटी काढावीच लागते. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे अर्धं केलं तर काढावीच लागन ना? वरची?"

टोपी कापसाच्या आधी बसली. जुनी भीती शेवटी कामाला आली.