तळघरातले कातळ : जॉन ॲलनचे प्लास्टरचे पर्वत

#थ्रेड

१/ कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे या किनारी शहरात एका घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत पर्वत उभे होते. त्यांच्या दऱ्याखोऱ्यांतून तळहातावर मावणाऱ्या आगगाड्या धावत. या सृष्टीचा कर्ता जॉन ॲलन (१९१३–१९७३) हा छायाचित्रकार होता.

२/ १९४६ च्या सुमारास एका लहानशा फलकावर त्याने आरंभ केला आणि १९५० च्या दशकात त्याची रेल्वे तळघरात विस्तारली. तिचे नाव उच्चारले की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा अर्थ निघे! तिच्यावर डबे ओढायला एक खेळण्यातला डायनासोरही होता. थट्टा एवढीच; कातळांच्या बाबतीत मात्र ॲलन अत्यंत काटेकोर होता.

३/ ही रेल्वे १:८७ प्रमाणाची होती. म्हणजे ८७ फुटांचा कडा येथे १ फुटाचा, आणि १ इंच रुंदीची भेग जेमतेम ०.३ मिलिमीटरची.

४/ खरी अडचण येथेच आहे. खऱ्या कड्याला रूप देतो तो सूर्य : उंचवट्यांवर ऊन, भेगांत सावली. तळघरातील दिव्यांचा उजेड चहूकडून पसरतो आणि इतक्या बारीक भेगांत सावली धरत नाही. म्हणून या कामात सावलीसुद्धा रंगवावी लागते.

५/ कातळावर जाड रंगाचा सरसकट थर दिला, की भेगा बुजतात आणि डोंगर पुठ्ठ्याचा दिसू लागतो. म्हणून या छंदात पातळ रंगाची रीत रुजली. पाण्यासारखा पातळ केलेला मातकट रंग किंवा काळी शाई प्लास्टरवर सोडायची. प्लास्टर ती शोषून घेते. उरलेला ओघळ उतारावरून खाली जाऊन भेगांत साचतो. उंचवटे फिकट राहतात, खाचा काळवंडतात.

६/ नंतर कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट रंग केवळ कडांवरून हलकेच फिरवायचा. ऊन पडल्याचा भास होतो. उजेड वरून येतो, हे ध्यानात ठेवून हात वरून खाली फिरवावा लागतो.

७/ दूरचा डोंगर फिकट आणि निळसर दिसतो, हे लिओनार्दो दा विंचीने चित्रकलेविषयीच्या आपल्या टिपणांत नोंदवले होते. मॉडेलकारांनी तोच नियम भिंतीलगतच्या पर्वतांना लावला. ॲलनने ठिकठिकाणी आरसेही बसवले. त्यामुळे तळघराच्या भिंती जणू नाहीशा झाल्या.

८/ प्लास्टरचे एवढे वजन पेलायचे कसे? 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी प्लास्टरमध्ये भिजवलेल्या कागदी टॉवेलांचे पातळ, टणक कवच रूढ केले. सुके प्लास्टर आणि रंगाची भुकटी चाळणीने पेरून जमिनीला पोत देण्याची रीतही त्यांचीच. खऱ्या दगडावरून रबराचे साचे घेऊन कातळ ओतण्याची पद्धतही या छंदात पसरली.

९/ ॲलनची छायाचित्रे या मासिकातून आणि वार्नी या खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींतून घरोघरी पोहोचली. चकचकीत नव्या गाड्यांऐवजी गंजलेले, धुळकटलेले डबे आणि झिजलेले कडे लोकांना खरे वाटू लागले.

१०/ ६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ॲलनचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच घराला आग लागली आणि जवळजवळ सगळी रेल्वे जळून गेली. दोन दशकांच्या श्रमांचे पर्वत पुन्हा कोणी पाहू शकणार नव्हते.

११/ पण ॲलन प्रकाश जाणणारा छायाचित्रकार होता आणि आपल्या कातळांची छायाचित्रे त्याने आयुष्यभर काढली होती. त्या छायाचित्रांवर आधारित वेस्टकॉट यांचे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पाहायला वेस्टकॉट स्वतः नव्हते, १९८० मध्येच त्यांचे निधन झाले होते. ॲलनचा मूळ कातळ आज कोणालाही हाताळता येत नाही. पण त्यावर सावली कशी पाडली होती, हे त्या पानांवरून अजून शिकता येते.

(समाप्त)