सिरॅमिक लेप, बंदुकांवरील

बंदुकीच्या पोलादी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना गंज, ओरखडे आणि घाम लागू नये म्हणून फवारून भट्टीत पक्का केलेला पातळ थर. पॉलिमर रेझिनमध्ये सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात आणि फवारण्याआधी त्यात ठरल्या प्रमाणात हार्डनर घालतात. सुमारे १२० अंश सेल्सिअसला दोन तास तापवले की रेझिन कडक होते. थराची जाडी साधारण २५ मायक्रॉन भरते. पावडर कोटिंगचा थर याच्या दुपटी-तिपटीहून जाड असतो. तो गेटला किंवा मोटारीच्या चाकाला चालतो, पण सरकत्या भागांमध्ये केसाएवढीच फट असलेल्या बंदुकीत चालत नाही. मोटारींच्या दुकानांतले ‘सिरॅमिक कोटिंग’ हे सिलिकायुक्त द्रव पॉलिश असते. ते वेगळे.

या प्रकारचे परिचित नाव म्हणजे अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या एनआयसी इंडस्ट्रीज या कंपनीचे सेराकोट. गन-कोट आणि ड्युराकोट हे लेपही याच कामाचे, मात्र त्यांचे रसायन निराळे आहे.

याआधीची रीत ब्ल्यूइंगची. तीत लोखंडाच्याच पृष्ठभागावर काळ्या ऑक्साइडचा जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा पापुद्रा तयार होतो. तो सच्छिद्र असतो आणि छिद्रांत मुरलेले तेलच खरे रक्षण करते. तेल सुकले की नुसता निळसर-काळा रंग उरतो. लष्करी शस्त्रांसाठी फॉस्फेटिंग आले. त्यातला थर खरखरीत असल्याने तेल जास्त धरतो, पण भिस्त शेवटी तेलावरच. सिरॅमिक लेपाचा फरक इथे आहे : तो पाणी आणि हवा धातूपर्यंत पोचूच देत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे तालुके या विषयात लक्षात घेण्याजोगे आहेत, ते तिथल्या हवेमुळे. नाणेघाट, आहुपे आणि भीमाशंकरचा पट्टा जून ते सप्टेंबर धुक्यात आणि पावसात असतो. घरातल्या कपड्यांना बुरशी धरते तिथे पोलादाचे काय सांगावे. पूर्वेकडे नारायणगाव-मंचर भागात पाऊस बराच कमी, पण डिंभे धरणासह कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर वाढलेल्या उसात रात्रभर दव असते, आणि पिकाची राखण रात्रीच करायची. गंज पावसात भिजलेल्या बंदुकीला लागतो त्याहून जास्त न पुसता खोळीत ठेवलेल्या बंदुकीला लागतो. कापडी वा चामडी खोळ ओल धरून ठेवते. नळीच्या खालच्या अंगाला, जिथे लाकूड लोखंडाला टेकते, तिथला पुढचा लाकडी तुकडा काढून पाहिला तर बाहेरून लखलखीत दिसणाऱ्या बंदुकीवरही तांबूस पट्टा सापडतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. मग आठवडेच्या आठवडे ती पोलीस ठाण्यात पडून राहतात आणि त्या काळात मालकाला त्यांना तेलाचा हात लावता येत नाही. अशा साठवणीत तेलावर न विसंबणारा लेप खरोखर उपयोगी आहे.

लेप टिकतो तो पूर्वतयारीवर. सगळे भाग सुटे करून विद्रावकाने तेल काढतात, मग भाग भट्टीत तापवून छिद्रांत मुरलेले तेल बाहेर येऊ देतात. तेलाचा ओघळ दिसला की धुणे पुन्हा. नंतर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या भुकटीचे ब्लास्टिंग करून पृष्ठभाग एकसारखा मॅट करतात. यानंतर उघड्या हाताने स्पर्श केला तर बोटाच्या तेलकट ठशावर लेप धरत नाही. जोर सगळा इथे आहे. फवारणी त्यामानाने सोपी. टिकाऊपणा पाहण्यासाठी वापरली जाणारी मिठाच्या फवाऱ्याची चाचणी ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्यात चालते. जाहिरातींतले तासांचे मोठाले आकडे या चाचणीतले असतात. घाटातल्या पावसात मीठ नाही आणि चाचणीच्या पेटीत रोजच्या वापराचे ओरखडे नाहीत, तेव्हा ते आकडे वर्षांत मोजू नयेत.

दुनळी बंदुकीची गोष्ट वेगळी. तिच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी पुष्कळदा कथील-शिशाच्या डाखाने जोडलेली असते. गरम ब्ल्यूइंगचे दाहक क्षार सुमारे १४० अंशांना उकळतात. त्या तापमानाला डाख वितळत नाही, पण क्षार तो खातात आणि पट्टी सुटते. म्हणून अशा नळ्यांना गंज चढवून, उकळून, घासून संथपणे ब्ल्यूइंग करण्याची जुनी पद्धत आहे. सिरॅमिक लेपात क्षार नाहीत आणि १२० अंश हे डाखाच्या वितळण्याच्या बरेच खाली आहे, त्यामुळे तो दुनळीला मानवतो. मात्र पावडर कोटिंगच्या भट्टीत तापमान १८० ते २०० अंशांवर जाते. चाकण-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात अशा भट्ट्या मुबलक आहेत. तिथे दुनळी घालणे म्हणजे ती मोडीत काढणे. जुन्या, नक्षीदार बंदुकीवरही सिरॅमिक लेप देऊ नये. ब्लास्टिंगने नक्षी बोथट होते आणि वस्तूचे मोल जाते ते परत येत नाही.

ठासणीच्या बंदुकीला तर लेपाचा फायदा अर्धाच. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणासाठी परवाना देण्याची जी तरतूद आहे ती मुख्यतः याच बंदुकीची. ती पुरी पडणार नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. (परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे : वन खात्याच्या परवानगीविना रानडुक्कर मारता येत नाही, आणि या भागात उसात वावरणारा बिबट्या तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.) ठासणीच्या बंदुकीतल्या काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते आणि नळी आतून खाते. लेप बाहेरून असतो. नळीच्या आत तो देत नाहीत. बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुणे, कोरडी करणे आणि तेलाचा बोळा फिरवणे यातून सिरॅमिक सुटका करत नाही.

शस्त्र दुरुस्तीचा धंदा करायला याच अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार परवाना लागतो. बंदूक कोणत्याही रंगकाम करणाऱ्याकडे सोडून येणे हा निष्काळजीपणा महागात पडू शकतो. आठव्या कलमाने बंदुकीवरचे नाव, क्रमांक वा ओळखखूण खोडणे, काढणे किंवा बदलणे याला मनाई आहे. हा लेप साध्या पेंट रिमूव्हरने सहसा निघत नाही. बिघडला किंवा रंग बदलायचा झाला की पुन्हा ब्लास्टिंग करावे लागते, आणि दर खेपेला धातूचा बारीकसा पापुद्रा जातो. क्रमांक आधीच पुसट असेल तर दोन-तीन खेपांत तो वाचता येईनासा होतो. तपासणीच्या वेळी परवान्यावरचा आकडा नळीवरच्या आकड्याशी ताडून पाहतात, म्हणून ब्लास्टिंगच्या वेळी क्रमांकाची जागा टेपने झाकून ठेवतात.